उलट रिंग

दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं, नोकरीतले अनुभव लिहा, फक्त बढत्या आणि बदल्यांची यादी नको. त्यांना माहीत नसावं, की माझी बदली एकदाच झाली, नगरहून रत्नागिरीला, आणि बढती मिळाली तोवर माझ्या गुडघ्यांनी खांबावर चढायचं नाकारलं होतं. मी टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं लाईनमन होतो. हल्लीच्या मंडळींना लाईनमन म्हणजे काय हेही सांगावं लागतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. पुढे मी बायकोबद्दल लिहिणार आहे. तेही नोकरीबद्दलच आहे, हे वाचता वाचता लक्षात येईल.

पूर्वी प्रत्येक फोनमागे तारांची एक जोडी असायची आणि ती खांबाखांबांवरून एक्स्चेंजपर्यंत यायची. फोन बंद पडला की आम्ही शिडी आणि टेस्टर घेऊन निघायचो. टेस्टर म्हणजे दोन चिमटे लावलेला हातातला फोन. खांबावर चढायचं, चिमटे त्या जोडीला लावायचे आणि एक्स्चेंजला विचारायचं, ऐकू येतं का? या खांबावरून येतं आणि पुढच्यावरून येत नाही, म्हणजे दोष या दोन खांबांच्या मधे. एवढीच आमची विद्या. बहुतेक वेळा तार तुटलेलीच नसायची. जोडात पाणी शिरलेलं असायचं, पेटीत तांबड्या मुंग्यांनी संसार थाटलेला असायचा, नाहीतर पावस गावाकडच्या एखाद्या माडाची झावळी वाऱ्यानं तारेला टेकत असायची. तिथला एक आंबा व्यापारी महिनाभर तक्रार करत होता, की त्याचा फोन रोज सकाळी दहाच्या सुमाराला मुका होतो. जाऊन बघतो तर घरच्यांनी आमच्या तारेवर ओलं धुणं टाकलेलं. काढा म्हटलं, तर गृहस्थ म्हणाला, तुमची तार दुसरीकडे घाला, आमचं ऊन इथंच येतं.

खांबावरून आमचं बोलणं व्हायचं ते ऑपरेटरशी. तिच्यासमोर एक भलामोठा बोर्ड असायचा, त्यावर प्रत्येक ग्राहकाचं एक भोक आणि भोकावर नखाएवढी झडप. ग्राहकानं हँडल फिरवलं की झडप पडायची, मग ऑपरेटर दोरीचं टोक त्या भोकात खुपसून बोलायची. आमच्या बोर्डावर एस्तेर असायची. फोन घेतला की ती फक्त म्हणायची, ‘रत्नागिरी.’ जणू अख्खं गावच बोलतंय. ती पंचेचाळीस वर्षं माझी बायको आहे. हल्ली हे मलाच आठवतं, तिला नाही.

आमच्या एक्स्चेंजचा एक शिरस्ता होता, त्याला आम्ही उलट रिंग म्हणायचो. कुठल्याही फोनवरून कुणीही सांगू शकतो, की मी लाईनमन, अमक्या खांबावर आहे. एका बहाद्दरानं ‘साळवे लाईनमन बोलतोय’ अशी थाप मारून मुंबईशी मेहुणीच्या लग्नाची बोलणी फुकटात उरकून घेतली होती. साळवे म्हणजे मी. त्यावरून मला लेखी खुलासा द्यावा लागला आणि एस्तेरलाही. तेव्हापासून ती नुसत्या आवाजावर विश्वास ठेवायची नाही. मी खांब आणि जोडी सांगितली की म्हणायची, “ठेवा. उलट रिंग देते.” मग तिकडून ती त्याच जोडीवर रिंग मारायची. ती माझ्या हातात वाजली, तर मी खरा. भर पावसात, कमरेच्या पट्ट्यावर लटकत मी त्या रिंगची वाट बघायचो आणि मनात तिला नाही नाही ते बोलायचो.

आठ महिने मी तिला फक्त ऐकलं होतं. नाताळच्या उपासनेत पुढच्या बाकावरची एक मुलगी शास्त्रपाठ वाचायला उठली आणि पहिल्याच ओळीला मी मान वर केली. हा आवाज तर ‘रत्नागिरी’चा. उपासना संपल्यावर मी तिच्यासमोर जाऊन आमच्या ख्रिस्ती रीतीनं नुसतं ‘सलाम’ म्हटलं. तिनं माझ्याकडे नीट बघायच्या आधीच विचारलं, “साळवे ना? खांबावरून बोलल्यासारखे इथंही ओरडताय काय?” आमचं नगरी बोलणं तिला कायम भांडणासारखं वाटलं. पुढच्या नाताळापर्यंत लग्न झालं होतं.

ऑपरेटर म्हणून ती कशी होती, याचं एकच उदाहरण देतो. पावसच्या पुढे एक म्हातारी एकटी राहायची. मुंबईच्या मुलानं तिच्या घरी फोन बसवून दिला होता. ही बाई रोज संध्याकाळी हँडल फिरवायची आणि विचारायची, “बाय, हायस ना गो?” एस्तेर म्हणायची, “आहे.” म्हातारी फोन ठेवायची. नंबर मागायची नाही, काही नाही. सुपरवायझर चिडायचा, हा काय कॉल झाला? एस्तेर त्याला म्हणायची, हाच खरा कॉल, बाकीचे नुसते भाव विचारतात.

आता आजार. सुरुवात कशी झाली ते सविस्तर लिहीत नाही, कारण ती सगळ्यांची सारखीच असते. मीठ दोनदा, मग अजिबात नाही, मग घराचा रस्ता. डॉक्टरांनी डिमेन्शिया हा शब्द उच्चारला तेव्हा एस्तेर त्यांना म्हणाली, बरं झालं नाव तरी कळलं. दोन वर्षं आम्ही रेटली. मी स्वयंपाक शिकलो, तिची वेणी घालायला शिकलो. रोज सकाळी एकच प्रार्थना करायचो, देवबापा, आजचा दिवस निभावून ने. उद्याचं मी त्याच्याकडे मागत नव्हतो, कारण उद्याचं मागितलं तर तो आजच्यात कपात करील अशी मला शंका असायची. हे आमच्या चर्चच्या पाळकांच्या कानावर गेलेलं नाही.

मग एका सकाळी तिनं माझ्या हातातला चहा घेतला नाही. माझ्याकडे बघितलं आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, “बंधू, आपण कोण?”

आमच्या मंडळीत अनोळखी पुरुषाला बंधू म्हणायची पद्धत आहे. मला वाटलं चेष्टा करते आहे. मी लग्नाचा फोटो काढून दाखवला. तिनं फोटोतल्या काळ्या केसांच्या माणसावर बोट ठेवलं आणि म्हणाली, हे आमचे साळवे, ड्युटीवर गेलेत, तुम्ही कोण? दिवसभर हेच चाललं. संध्याकाळी माझा तोल गेला. मी तिचं मनगट धरलं आणि खांबावरून ओरडावं तसा ओरडलो, की मी तुझा नवरा आहे. ती भिंतीला चिकटली. पुढे तीन दिवस तिनं माझ्या हातचं काही खाल्लं नाही. शेजारच्या कांबळेबाई, निवृत्त शिक्षिका, बौद्धवाडीतून आमच्या आळीत राहायला आलेल्या, त्या भरवायच्या तेव्हा ती जेवायची. मी आयुष्यात बऱ्याच चुका केल्या, चुकीची जोडी कापून तालुक्याच्या गावाचे फोन बंद पाडले, पण त्या संध्याकाळइतकी लाज मला कशाचीच वाटली नाही.

हे करुणाला, आमच्या मुलीला, कळलं. ती ठाण्याला असते. तिनं पुण्यात अशा रुग्णांसाठी एक संस्था बघून ठेवली होती. चांगली, स्वच्छ, बायकांची वेगळी व्यवस्था. मी फोनवर तावातावानं नाही म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, आई तुम्हाला घाबरते. घाबरत घाबरत स्वतःच्या घरात राहण्यात काय अर्थ आहे?” मे महिन्यात ती येणार होती. तोवर एस्तेर मला घरात राहू देते का, माझ्या हातचं जेवते का, यावर सगळं अवलंबून होतं. नाहीतर तिला न्यायचं, असं ठरलं.

एकदा कांबळेबाई तिच्याजवळ बसल्या होत्या आणि मी मासे आणायला मार्केटात गेलो होतो. बांगडे घेऊ का सौंदाळे, हे बाईंना विचारायला मी घरच्या लँडलाईनवर फोन लावला. लँडलाईन अजून ठेवली आहे. तांब्याची तार गेली, फायबर आलं, पण हँडसेट तोच जुना, स्टुलावर, मागच्या पडवीच्या खिडकीपाशी. फोन एस्तेरनं उचलला.

“रत्नागिरी.”

मी म्हटलं, एस्तेर, मी बोलतोय. आणि ती म्हणाली, “अहो, कुठून बोलताय? किती वेळ झाला जाऊन.”

मासळीवाल्यांच्या गलक्यात मी टोपलीवर हात ठेवून उभा राहिलो. त्या सकाळी तिनं मला दारातून आत घ्यायला दहा मिनिटं लावली होती. चेहरा गेला होता, आवाज शाबूत होता. खरं तर यात नवल नव्हतं. तिनं मला आधी आठ महिने आवाजानंच ओळखलं होतं, चेहरा नंतरचा. पण ते मला पुढे सुचलं. त्या क्षणी मी तिच्या प्रश्नाला सवयीनं उत्तर दिलं. म्हटलं, पावसवरून. खांबावर आहे.

हे माझं पहिलं खोटं.

ती आवाज खाली आणून म्हणाली, “घरात एक बंधू येऊन राहिलेत. स्वभावानं बरे दिसतात. पण तुमचा शर्ट घालून हिंडतात.” मी म्हटलं, त्यांना मीच पाठवलंय, ते देतील ते जेव, गोळ्या घे. हे दुसरं. मी संध्याकाळी येतो. हे तिसरं. घरी आलो, बांगड्याचं कालवण केलं, ताट वाढलं. तिनं माझ्याकडे बघितलं, ह्यांनी पाठवलेत ना तुम्हाला, असं विचारून खात्री केली, आणि जेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडलो.

मग रोजचाच उद्योग झाला. ती आंघोळीला नाही म्हणाली, गोळी थुंकली, की बंधू मोबाईल घेऊन मागच्या दारानं बाहेर पडायचे, फणसाच्या बुंध्याआड उभे राहायचे आणि साळवे होऊन फोन करायचे. साळव्यांचं ती सगळं ऐकायची. मलाच माझा हेवा वाटायला लागला. ती साळव्यांशी लाडानं बोलायची, बंधूंशी रीतीनं. कांबळेबाई कुंपणापलीकडून एकदा म्हणाल्या, “साळवे, जन्मभर घरात तोंड उघडलं नाहीत ते आता फणसाशी बोलताय होय?” खोटं नव्हतं त्यांचं. मी घरात कमी बोलणारा माणूस. दिवसभर खांबावर ओरडून आलं की घरी गप्प बसावंसं वाटायचं. त्या फणसाखाली मी तिच्याशी जेवढं बोललो तेवढं चाळीस वर्षांत बोललो नसेन.

पण मन खात होतं. दहा आज्ञा मी लहानपणी रविवारच्या शब्बाथ शाळेत पाठ केल्या आहेत, त्यात खोट्याबद्दल काय आहे ते मला ठाऊक आहे. मी दिवसाला तीन-चार वेळा खोटं बोलत होतो, तेही स्वतःच्या बायकोशी, आणि संध्याकाळी तिच्यासमोर बसून प्रार्थना करत होतो. प्रार्थनेत ती डोळे मिटायची, पण एक डोळा थोडा उघडा ठेवायची. परका पुरुष घरात, कुणी ठेवणार नाही?

सगळ्यात कठीण व्हायचं ते महिन्याच्या पहिल्या रविवारी. त्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. भाकरीचे बारीक तुकडे तबकातून बाकाबाकानं फिरतात, सगळ्यांनी एकदम खायचे. एस्तेरनं तुकडा घेतला, अर्धा मोडून तोंडात टाकला आणि उरलेला अर्धा रुमालात बांधला. मी हळूच विचारलं, हे काय? ती म्हणाली, “ह्यांच्यासाठी. ड्युटीवर आहेत.” घरी आल्यावर रुमाल रेडिओशेजारी फळीवर ठेवला. दुपारी मी तिकडे हात नेला तर ती म्हणाली, “बंधू, ते तुमचं नाही.” तीन महिने तीन रविवार हेच. तो वाळलेला तुकडा मी तिला न कळत खायचो, कारण तो टाकता येत नाही, आणि घशाखाली उतरायचाही नाही.

शेवटी मी पाळकसाहेबांकडे गेलो. ते माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत, मोटरसायकलवरून फिरतात. आमच्यात पापाची कबुली पाळकाला द्यायची पद्धत नाही, तरी मी दिली. कोणकोणतं खोटं, असं त्यांनी विचारलं. मी बोटांवर मोजून सांगितलं: मी पावसला आहे, बंधूंना मी पाठवलं आहे, मी संध्याकाळी येतो. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, “काका, मधलं खोटं नाही. त्यांना कुणीतरी पाठवलेलं आहेच.” मी म्हटलं, आणि बाकीची दोन? ते म्हणाले, त्यांचं मलाही कळत नाही, आपण प्रार्थना करू. प्रार्थना केली. एक तृतीयांश हलका होऊन मी घरी आलो.

करुणा यायची होती तो शनिवार. ती दुपारी दोनपर्यंत पोचणार होती. सकाळपासून एस्तेरचं बिनसलं होतं. मला आत बोलावून मग हाकलत होती. साडेअकराला मी गॅसवर टोपात भात ठेवला आणि गोळी दिली, तिनं ती खिडकीतून बाहेर टाकली. झालं, बंधू मोबाईल घेऊन मागच्या दारानं फणसाखाली. साळव्यांनी फोन केला. गोळी घे, करुणा येणार आहे, चांगली साडी नेस. ती हो हो म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता मी तेच बोललो जे नोकरीत असताना, तिला घरी एकटी ठेवून वादळवाऱ्यात लाईनवर गेलो की दर फोनच्या शेवटी बोलायचो:

“दाराला आतून कडी घाल. परक्याला उघडू नको.”

शब्द तोंडातून गेले आणि मला मागच्या दाराची कडी पडल्याचा आवाज ऐकू आला.

आता घराची रचना सांगतो. एस्तेर बाहेर निघून जायची म्हणून पुढच्या जाळीच्या दाराला मी आतून कुलूप लावत असे. किल्ली माझ्या खिशात होती, कुलूप घरात होतं आणि मी फणसाखाली होतो. कांबळेबाई लेकीकडे गेलेल्या. सगळ्या खिडक्यांना गज. आणि गॅस चालू. मी दार ठोठावलं. आतून ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, “बंधू, आता उघडता येणार नाही. ह्यांनी सांगितलंय.” मी आणखी जोरात ठोठावलं, तशी ती तिथून लांब गेली. त्या संध्याकाळचा भिंतीला चिकटलेला तिचा चेहरा मला आठवला आणि मी हात खाली घेतला.

पुन्हा फोन केला. बऱ्याच रिंगनंतर तिनं घेतला. मी म्हटलं, एस्तेर, मी बोलतोय. बाहेर बंधू आहेत, त्यांना आत घे. गॅसवर भात आहे.

मग ती म्हणाली, “आत्ता म्हणालात परक्याला उघडू नको, आत्ता म्हणताय उघड. कशावरून तुम्ही साळवे?” तिचा आवाज बदलला होता. घरातल्या म्हातारीचा नव्हता तो. “ठेवा. उलट रिंग देते.”

आणि फोन ठेवला.

मी पडवीच्या खिडकीशी गेलो. आत चार हातांवर स्टुलाशी ती उभी होती. फोनच्या वर भिंतीवर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर माझा नंबर मी मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलेला आहे. तिला तो दिसेल का, दिसला तर लागेल का, काही सांगता येत नव्हतं. भाताचा वास यायला लागला होता. मी गजाला धरून प्रार्थना केली. नेहमीसारखी आजचा दिवस निभावून ने अशी नव्हे. मी म्हटलं, मला आता हे जमत नाही. तिला भीती वाटणार असेल तर ने तिला पुण्याला, पण तिची भीती काढ.

तिनं एकेक आकडा बोटानं वाचत दाबला. दहाही.

मोबाईल माझ्या हातात वाजला, मोठ्यानं, कारण रिंगचा आवाज मी कायम पूर्ण ठेवलेला असतो. तिनं झटकन वर बघितलं. खिडकीत बंधू, त्यांच्या हातात वाजणारा फोन. एरवी मी फणसाआड असायचो. आता पाठ फिरवता आली असती, बाजूला सरकता आलं असतं. मी सरकलो नाही. तिच्याकडे बघत फोन कानाला लावला आणि म्हटलं, “एस्तेर, मी पावसला नाही. खोटं बोललो तुझ्याशी. इथंच आहे, खिडकीत.”

माझा आवाज तिला फोनमधून ऐकू गेला आणि खिडकीतूनही. ती फोन कानाशी धरून माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं ऑपरेटर म्हणतात तसं म्हटलं, “लाईन ओके.” जरा थांबून घरच्या आवाजात म्हणाली, “बास झालं. उतरा आता खाली खांबावरून. भात करपतोय.”

आणि येऊन कडी काढली.

मी आत गेलो, गॅस बंद केला आणि तिथंच खाली बसलो. ती माझ्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती. भात वरचा वर काढू का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, काढ. तिनं पळी घेऊन काढला, एकही शीत खालचं येऊ दिलं नाही. हात तिचे सगळं विसरलेले नव्हते.

करुणा दोनला आली तेव्हा घरात करपल्याचा वास होता आणि आम्ही दोघं जेवत होतो. मी तिला सगळं सांगितलं, ओरडल्याचं, फोनचं, गॅसचंही, काही लपवलं नाही. ती दोन दिवस राहिली. गॅसला आपोआप बंद होणारं यंत्र बसवून गेली, जाळीच्या दाराला बाहेरूनही उघडणारं कुलूप लावून त्याची एक किल्ली कांबळेबाईंकडे देऊन गेली. निघताना अंगणात म्हणाली, “राहू दे इथंच. पण बाबा, जमेनासं झालं तर सांगायचं. ओरडायच्या आधी सांगायचं.” मी कबूल केलं. ती गाडीत बसली आणि गेले वर्षभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून तिच्याबरोबर गेलं. त्या दुपारी मी पडवीत तीन तास झोपलो. एवढी गाढ झोप खांबावरून निवृत्त झालो त्या दिवशीही लागली नव्हती.

आता ती बरी झाली असं कुणी समजू नये. दुसऱ्याच सकाळी मी पुन्हा बंधू होतो. अजूनही बरेचदा असतो. पण चहा घेते. भिंतीला चिकटत नाही. आणि मी फणसाखाली जाणं सोडलं आहे. कधी अस्वस्थ झाली तर खिडकीबाहेर, तिला दिसेल असा उभा राहून फोन लावतो. ती विचारते, “कुठून बोलताय?” मी म्हणतो, पडवीतून. ती म्हणते, “मग आत या की.” कधी कधी नुसतं विचारते, “आहात ना?” मी म्हणतो, आहे. मग फोन ठेवते. पावसच्या म्हातारीचा कॉल किती महत्त्वाचा होता ते मला आत्ता कळतं आहे, त्या सुपरवायझरला कळायचं राहून गेलं.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गेलो. तबक आमच्या बाकाशी आलं. माझं सगळं लक्ष तिच्या मांडीवरच्या रुमालाकडे होतं. तिनं तुकडा उचलला. मोडला नाही. पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हा अख्खा तोंडात टाकला आणि रुमाल होता तसा घडीचा पर्समध्ये ठेवून दिला. सगळ्यांचं खाऊन झालं होतं. मी मात्र हातात तुकडा धरून तिच्याकडे बघत बसलेलो. तिनं कोपरानं मला ढोसलं. पुढचं वाक्य ती साळव्यांना म्हणाली की बंधूंना, ते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही.

“खा की,” ती म्हणाली. “आता कुणाची वाट बघताय?”

मी खाल्लं.